बसता न येणारा माणूस

आषाढात तरवा काढून लावणीला माणसे वाकली, की आमच्या मालवणच्या बाजूला घरोघरी संध्याकाळी एकच विषय असतो, तो म्हणजे कंबर. रापण ओढणाऱ्यांची कंबर, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारीची कंबर. उंडीचे तेल चोळायचे, शेक घ्यायचा आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायचे. हाड मोडले तर सगळा वाडा भेटायला येतो. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या पाठीला मात्र कोणी भेटायला येत नाही. पुढे पुढे घरचीही विचारायची थांबतात, आणि मग दुखणे पाठीतून हळूच मनात शिरते. उठावेसे वाटत नाही, कुणाशी बोलावेसे वाटत नाही.

अशा घरांत बाबा आमट्यांचे आयुष्य या एका बाजूने सांगायला हवे असे मला फार दिवस वाटत आले आहे. त्यांचे आनंदवन आपल्याला माहीत असते, त्यांची पाठ माहीत नसते.

मुरलीधर देवीदास आमटे २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जन्मले. जमीनदाराचे घर, शिकारीचा नाद, मोटार, पुढे वरोऱ्यात वकिली. हा भाग बहुतेकांनी वाचलेला असतो. खरी गोष्ट सुरू होते ती एका पावसाळी रात्री. रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी अखेरच्या अवस्थेत पडला होता. कशालाही न भिणारा हा माणूस त्याला पाहून घाबरला आणि तिथून निघून गेला. मग परतला, त्याची शुश्रूषाही केली. पण मनात बसलेली भीती काही केल्या जाईना. कित्येक महिने ती त्यांना छळत राहिली.

त्यावर बाबांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. ज्याची भीती वाटते, त्याच्याजवळ रोज जायचे. कुष्ठरोग्यांच्या जखमा रोज आपल्या हाताने धुवायच्या. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण हे काम करीत होते, तिथे ते शिकले. पुढे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकताना त्यांनी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घ्यायचीही तयारी दाखवली. मन रमवून भीती जाते असे म्हणतात. बाबांची भीती गेली ती हात कामाला लावल्यावर.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले, तेव्हा बरोबर पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते. पहिले काम विहीर खणण्याचे. घरच्यांनी टाकलेली, जगण्यावरचे मन उडालेली ही माणसे. त्यांना बाबांनी धीराच्या गोष्टी फारशा सांगितल्या नाहीत, कुदळ दिली. झडलेल्या बोटांना जमेल तसे काम आणि त्या कामाचे मोल, हीच तिथली रीत झाली.

कुष्ठरोगाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. हा रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे हातापायांना दुखणेच कळत नाही. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, खिळा तळव्यात रुततो, आणि माणसाला पत्ताच नसतो. म्हणून अशा रुग्णाला रोज स्वतःचे तळपाय नीट पाहायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, एवढी सवय लावावी लागते. तिने हातपाय वाचतात.

अशा, वेदनाच हरवलेल्या माणसांच्या गावात बाबांच्या वाट्याला मात्र उरलेल्या आयुष्याची वेदना आली. मणक्यांची झीज सुरू झाली. शस्त्रक्रिया झाल्या, डॉक्टरांचे उपचार झाले, पण बसणे कायमचे गेले. उभे राहायचे, चालायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच उरले. विचार करा, जेवण, प्रवास, पाहुण्यांशी बोलणे, सभा, आपण किती गोष्टी बसून करतो! बाबांनी दिवसाची घडीच बदलली. चालता येईल तेवढे काठी घेऊन चालायचे, मग पडायचे. वाचायचे पडून, मजकूर सांगायचा पडून, आलेल्यांना भेटायचे तेही खाटेवरूनच. खाट आली म्हणून माणसे दूर झाली नाहीत; ती खाटेभोवती जमली.

त्यांना पोलादी पुरुष म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. पोलादाला दुखत नाही. शिवाय त्या खाटेशेजारी साधनाताई होत्या. घरात लग्नाची गडबड असताना सगळ्यांची नजर चुकवून म्हाताऱ्या मोलकरणीला धुण्यात मदत करणारी मुलगी, एवढ्या एका दृश्यावरून संन्यासाच्या वाटेवरच्या बाबांनी लग्नाचा निर्णय घेतला होता. १९४६ ला लग्न झाले. पथ्यपाणी, येणाजाणाऱ्यांची जेवणे, रागावलेल्या नवऱ्याची समजूत, हे सगळे त्यांनी सांभाळले. दुखणाईताच्या घरात दुखणे एकाचे नसते. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन घराघरांत वाचले जावे ते यासाठी.

डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, बाबांनी कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. तरुण मुले सायकलींवर, आणि बाबा गाडीत केलेल्या बिछान्यावर. मुक्कामाला गाडी थांबली की उभे राहून बोलायचे, मग पुन्हा आडवे. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, धरणाने उठणाऱ्या लोकांसोबत, आणि जवळजवळ दहा वर्षे तिथे राहिले. तिथेही तीच खाट, तीच काठी.

शेवटी रक्ताचा कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच ते गेले. देह जाळू नये, मातीत पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत ठेवण्यात आले.