रेव्हरंड नारायण वामन टिळक

आमच्या नांदगांव पेठेचें नांव घेतांना दुसऱ्या एका नांदगांवाची आम्हांस नेहमीं आठवण होते. तें म्हणजे नागपूरच्या पूर्वेस असलेलें राजनांदगांव. १८९३ सालीं त्या गांवीं आगगाडीनें जात असतां एका तरुण मराठी कवीला एका सहप्रवाशानें नवा करार दिला, आणि त्या कवीच्या आयुष्याचा ओघच बदलला. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें, एका कर्मठ ब्राह्मण कुटुंबांत झाला. मातेचें छत्र लवकर हरपलें. नाशकास त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढें नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांच्या कामांत होते. विद्वत्ता होती, काव्य होतें, चाहते होते. परंतु मनाला शांति नव्हती. जातिभेदानें पोखरलेल्या आपल्या देशास कोणता धर्म उभा करील, ह्या विचारानें ते अस्वस्थ असत.

गाडींत मिळालेलें तें पुस्तक त्यांनीं शब्द दिल्याप्रमाणें वाचावयास घेतलें. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच तें हातून खालीं ठेववेना. जें ते शोधीत होते तें त्यांस तेथें सांपडलें. मात्र सत्य पटणें वेगळें आणि त्याची किंमत मोजणें वेगळें. बाप्तिस्मा घेतल्यास जात, आप्त, मान आणि पत्नीपुत्र ह्या सर्वांस अंतरावें लागेल, हें ते पुरतें जाणून होते. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं उघडपणें प्रभूचा स्वीकार केला.

जें भय होतें तेंच झालें. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. पति हयात असून त्याच्या घरीं जाण्याची सोय नाहीं, लोकांचे बोल ऐकावयाचे आणि पदरीं लहानगा दत्तू! टिळकांच्या निश्चयाचें मोल ह्या माउलीनेंही दिलें. किंबहुना न मागतां दिलें. आम्ही टिळकांचा गौरव करितांना हें विसरतां कामा नये.

टिळकांनींही हें विसरलें नाहीं. त्यांनीं पत्नीचा त्याग केला नाहीं, तिच्यावर सक्तीही केली नाहीं. सुमारें चार-पांच वर्षांच्या वियोगानंतर त्या अहमदनगरास आल्या, तेव्हां त्यांना आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. सोंवळ्याओंवळ्याचीं बंधनें त्यांच्या मनांतून हळूहळू गळून पडलीं, आणि १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं स्वखुषीनें बाप्तिस्मा घेतला. प्रभूसाठीं जें सोडलें तें प्रभूनें अशा रीतीनें अधिक उज्ज्वल करून परत दिलें. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें मुख्यतः लक्ष्मीबाईंनींच पूर्णत्वास नेलें, आणि त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ तर मराठी भाषेचें भूषण होऊन राहिलीं आहेत.

टिळक ख्रिस्ती झाले तरी परके झाले नाहींत. त्यांनीं प्रभूची भक्ति अभंगांतून व भजनांतून गाइली. फुलांचे व मुलांचे कवि म्हणून सर्व महाराष्ट्रानें त्यांस आपलें म्हटलें. बालकवि ठोमऱ्यांस त्यांच्या घरीं पुत्राप्रमाणें माया लाभली.

त्यागाचा शेवट मात्र अजून व्हावयाचा होता. १९१७ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, मिशनच्या वेतनाची सोय सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही त्यांत स्थान होतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, प्रभूला प्रथम स्थान देणें म्हणजे घरच्या माणसांस तुच्छ लेखणें नव्हे. ज्याचें मन प्रभूशीं स्थिर झालें, त्यालाच आपल्या माणसांची वाट न चिडतां, न थकतां पाहतां येते. आपणां प्रत्येकाच्या वाटेवर केव्हांतरी एक राजनांदगांव येतें. तेथें हातीं आलेलें सत्य उघडून वाचण्याचें आणि वाचल्यावर त्याप्रमाणें चालण्याचें धैर्य परमेश्वर आपणांस देवो, हीच आमची प्रार्थना.