डॉ. पुअय उंगफाकोर्न : विद्यार्थ्यांना खेड्याची वाट दाखवणारा अर्थतज्ज्ञ

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नागपूरची दीक्षाभूमी येते. थायलंड या बौद्ध देशातही ही तारीख विसरली जात नाही, पण वेगळ्या कारणाने. १४ ऑक्टोबर १९७३ रोजी बँकॉकच्या रस्त्यांवर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी लष्करी हुकूमशहा थानोम कित्तिकाचोर्न याला सत्ता सोडायला लावली. पुढे तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७६ ला, त्याच शहरातल्या थम्मसात विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. त्या वेळी या विद्यापीठाचे प्रमुख होते डॉ. पुअय उंगफाकोर्न. थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे बारा वर्षे गव्हर्नर राहिलेला हा माणूस शिकलेल्या तरुणांना खेड्यात नेऊन राहायला लावत होता, आणि हाच त्यांचा गुन्हा ठरला. थायलंडमध्ये त्यांचे नाव परिचित आहे. आपल्याकडे ते फारसे पोहोचलेले नाही, म्हणून हा लेख.

पुअय यांचा जन्म ९ मार्च १९१६ चा, बँकॉकमधल्या एका चिनी कुटुंबातला. वडील घाऊक मासळीचा व्यापार करत. ते लवकर वारले आणि आईने मुलांना ओढाताण करत वाढवले. घरातून मिळालेल्या ‘पुअय’ या चिनी नावाचा अर्थ मोठा छान आहे : रोपाच्या बुंध्याशी मातीची भर घालणे. शाळा झाल्यावर घरखर्चाला हातभार म्हणून पुअय त्याच शाळेत शिक्षक झाले आणि नोकरी करता करता थम्मसात विद्यापीठात शिकू लागले.

‘थम्मसात’ म्हणजे ‘धर्मशास्त्र’. हा शब्द ऐकून आपल्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे, पण तिथे त्याचा अर्थ कायद्याचे शास्त्र असा आहे. १९३४ साली प्रिदी बनोमयोंग यांनी हे विद्यापीठ कारकून, शिक्षक, छोटे नोकरदार अशा सर्वांसाठी खुले केले. वर्गात बसायला वेळ नसेल तर छापील व्याख्याने घरी वाचून परीक्षा देता येई. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग भरवले, त्यामागचा विचार याच जातीचा होता. पुअय थम्मसातच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तिथून शिष्यवृत्ती मिळवून १९३८ मध्ये ते लंडनला गेले, त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, जिथून बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली होती.

पदवी पहिल्या वर्गात मिळाली, पण तेवढ्यात महायुद्धाने गाठले. बँकॉकचे सरकार जपानच्या बाजूने गेले आणि त्याने ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. परदेशातल्या काही थाई तरुणांनी हे मानले नाही. त्यांनी ‘स्वतंत्र थाई’ चळवळ उभी केली. पुअय ब्रिटिश सैन्यात साधे शिपाई म्हणून भरती झाले. सुरुवातीला वाट्याला आले ते खड्डे खणणे आणि बटाटे सोलणे. पुढे या तुकडीला हिंदुस्थानात आणले गेले आणि गनिमी लढाईचे शिक्षण मिळाले ते आपल्या पुण्याच्या परिसरात. मार्च १९४४ मध्ये एका रात्री दोन साथीदारांसह पुअय विमानातून छत्रीने उतरले. जागा होती मध्य थायलंडमधला चायनात प्रांत. गावकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांना शत्रूचे हेर समजून पकडले. तुरुंगातूनच त्यांनी भूमिगत चळवळीशी संपर्क साधला आणि थायलंड व दोस्त राष्ट्रे यांच्यातला दुवा म्हणून काम केले. चायनात हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले. खासगी बँका मोठ्या पगाराने बोलावत असताना सरकारी नोकरी धरली. त्यांच्या प्रामाणिकपणाच्या कितीतरी गोष्टी थाई लोक सांगतात. एकच पुरे. १९५३ मध्ये मध्यवर्ती बँकेचे उपगव्हर्नर असताना एका बँकेने नियम मोडला. तिच्या पाठीशी लष्करातले बडे लोक होते. पुअय यांनी दंड माफ करायला नकार दिला आणि खुर्ची गमावली. तरी १९५९ मध्ये त्यांनाच गव्हर्नर करावे लागले. अर्थमंत्रिपद मात्र त्यांनी नाकारले. स्वतंत्र थाई चळवळीत असताना, लढाईच्या बदल्यात राजकीय पद घेणार नाही अशी शपथ घेतली होती, ती त्यांनी पाळली. १९६५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सगळ्या काळात ते एका साध्या लाकडी घरात राहत होते.

इथवरचे आयुष्य एका सचोटीच्या अधिकाऱ्याचे झाले. असे अधिकारी दुर्मीळ असतात, पण असतात. पुअय यांचे वेगळेपण पुढे सुरू होते.

गव्हर्नर म्हणून त्यांच्या टेबलावर येणारे आकडे दरवर्षी वाढत होते. रस्ते होत होते, धरणे होत होती, बँकॉक फुगत होते. आणि ईशान्येकडच्या कोरडवाहू खेड्यांतले लोक होते तिथेच होते. ज्या योजनांना आपण स्वतः हातभार लावला त्यांत गरिबांचा वाटा विसरला गेला, ही कबुली त्यांनी पुढे उघडपणे दिली. पदावर असलेल्या माणसाने अशी कबुली देणे मला त्यांच्या पुरस्कारापेक्षा मोठे वाटते. १९६७ मध्ये त्यांनी ‘थाई ग्रामीण पुनर्रचना चळवळ’ सुरू केली. प्रेरणा होती चीनमध्ये शेतकऱ्यांना अक्षरओळख देणारे जेम्स येन यांची. काम चार अंगांचे : उपजीविका, आरोग्य, शिक्षण आणि स्वतःचा कारभार स्वतः करणे. आणि कामाची जागा? चायनात. ज्या मुलखात त्यांना पकडून बांधून नेले होते, तिथेच ते कोंबडीपालन, सुधारित भात आणि पतगट घेऊन परतले.

या कामात त्यांना लवकरच एक उणीव दिसली. विद्यापीठातून बाहेर पडणारा तरुण गावाला ओळखतच नव्हता. तो एकतर साहेब होई किंवा परोपकारी पाहुणा. म्हणून १९६९ मध्ये थम्मसातमध्ये त्यांनी ‘बंदित आसा’ हा अभ्यासक्रम सुरू केला. थाई भाषेत ‘बंदित’ म्हणजे पदवीधर. मूळ शब्द आपलाच, ‘पंडित’. तिथे तो कोणत्या जातीचा मक्ता नाही, मासळीवाल्याचा मुलगाही परीक्षा देऊन पंडित होतो. ‘आसा’ म्हणजे स्वयंसेवक. पदवी घेतलेल्या मुलामुलींनी आधी थोडे शिक्षण घ्यायचे, मग काही महिने एका खेड्यात, गावकऱ्यांमध्ये त्यांच्यासारखेच राहायचे, शाळेत शिकवायचे, जमेल ते काम करायचे आणि परत येऊन त्या गावावर अभ्यासपूर्ण अहवाल लिहायचा. अहवाल लिहिणारा विद्यार्थी होता, म्हणजे शिकवणारा कोण, हे उघड आहे.

इथे थोडे स्वतःकडे बघू. जयंतीला आपल्या वस्त्यांत रक्तदान होते, नेत्रतपासणी होते, वह्यावाटप होते. कॉलेजची मुले एका रविवारी येतात, बॅनरसमोर फोटो होतो, संध्याकाळी मंडप निघतो. हे करू नये असे कोण म्हणेल? पण चष्म्याचा नंबर काढून दिलेल्या आजीने चष्मा घेतला का, हे पाहायला दुसऱ्या रविवारी किती जण येतात? पुअय यांनी नेमके याच जागी बोट ठेवले होते. त्यांच्या योजनेत शिबिरापेक्षा मुक्काम महत्त्वाचा होता.

१९७४ मध्ये त्यांनी याहून मोठा प्रयोग केला. मे-क्लोंग नदीच्या खोऱ्यात तीन विद्यापीठे एकत्र आणली : शेतीसाठी कासेतसात, आरोग्यासाठी माहिदोन आणि समाज, कायदा, शिक्षण यांसाठी थम्मसात. तिन्हींकडचे स्वयंसेवक एकाच गावात एकत्र राहत. यामागचा हिशेब सरळ होता. बाई वर्षातून चार महिने तापाने अंथरुणाला खिळलेली असेल तर तिला विणकाम शिकवून काय उपयोग? विणकाम शिकली आणि माल विकायला सावकाराशिवाय कोणी नसेल तर? आणि सावकाराविरुद्ध बोलली म्हणून पोलीस दारात आले तर? आरोग्य, हातातले कौशल्य आणि बोलण्याचा हक्क यांतले एक जरी काढले तरी बाकीची दोन कोसळतात. आईच्या पोटात असतानाच्या पोषणापासून मरणानंतरच्या साध्या अंत्यविधीपर्यंत सामान्य माणसाला आयुष्याकडून काय हवे असते, यावर पुअय यांनी १९७३ मध्ये एक छोटे टिपण लिहिले. अर्थशास्त्रज्ञाचे लिखाण असून त्यात एकही आलेख नाही. थायलंडमध्ये ते आजही छापले जाते.

बोलण्याच्या हक्काची किंमत त्यांना आधीच मोजावी लागली होती. नोव्हेंबर १९७१ मध्ये थानोमने संसद आणि राज्यघटना गुंडाळली, तेव्हा पुअय यांनी इंग्लंडहून एका काल्पनिक गावाच्या पुढाऱ्याला उघड पत्र लिहिले. सही केली युद्धकाळातल्या आपल्या गुप्त नावाने, खेम येनयिंग. गावाला नियमांची वही परत द्या, एवढीच त्यातली मागणी. वही म्हणजे राज्यघटना, हे न कळण्याइतके कोणी भोळे नव्हते.

१९७३ नंतर वारे फिरले. हजारो विद्यार्थी खेड्यांत लोकशाही समजावून सांगायला गेले. १९७४ च्या कूळखंड नियंत्रण कायद्याने शेतकऱ्यांना काही हक्क दिले, आणि विद्यार्थी ते हक्क गावोगाव वाचून दाखवू लागले. जमीनदारांना जुलाबाच्या गोळ्या वाटणारा विद्यार्थी चालत होता, कायद्याचे कलम वाचणारा नको होता. शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते एकामागून एक मारले जाऊ लागले. जानेवारी १९७५ मध्ये पुअय थम्मसातचे प्रमुख झाले ते या वातावरणात. उजवे त्यांना कम्युनिस्ट म्हणत. डाव्या विद्यार्थ्यांना ते फारच मवाळ वाटत. ते स्वतः तीन शब्द एकत्र उच्चारत : सांति, प्रचा, थम्म. शांती, प्रजा आणि धम्म, हे आपल्याला उलगडून सांगायला नको.

आता जे लिहायचे आहे ते बौद्ध म्हणून लिहिताना जड जाते. याच १९७६ साली कित्तिवुद्धो नावाच्या एका प्रसिद्ध भिक्खूने कम्युनिस्टांना मारण्यात पाप नाही असे जाहीर केले. पाणातिपातापासून विरत राहण्याचे पहिले शील रोज उच्चारणाऱ्या तोंडातून हे निघाले. १९ सप्टेंबरला पदच्युत थानोम देशात परतला तो श्रामणेराचे चीवर अंगावर घालून, आणि बँकॉकच्या एका प्रतिष्ठित विहारात त्याला उपसंपदा मिळाली. चीवर पाहून लोक हात जोडतील, हा हिशेब होता. निषेधाची पत्रके लावणाऱ्या दोन वीज कामगारांना मारून लटकवले गेले. त्या हत्येचे दृश्य विद्यार्थ्यांनी नाटकात दाखवले, तर त्यात राजपुत्राची विटंबना झाली अशी आवई वृत्तपत्रांतून आणि लष्कराच्या रेडिओवरून उठवली गेली. ६ ऑक्टोबरच्या पहाटे पोलीस आणि सशस्त्र टोळ्या थम्मसातमध्ये घुसल्या. सरकारी मोजणीनेच चाळीसहून अधिक जीव गेले, तीन हजारांहून अधिक विद्यार्थी पकडले गेले. संध्याकाळपर्यंत लष्कराने सत्ता ताब्यात घेतली होती.

पुअय यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. विमानतळावर जमाव त्यांच्या रक्ताला तहानलेला होता. एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांना शिवीगाळ केली आणि हातातला फोन हिसकावला. कसेबसे ते देशाबाहेर पडले. मे-क्लोंगचा प्रकल्प त्यानंतर टिकला नाही. खेड्यात राहून आलेली कित्येक मुले आता जंगलात गेली, हाती बंदूक घेऊन. पुअय यांना हेच टाळायचे होते.

लंडनहून त्यांनी काही आठवड्यांतच त्या कत्तलीचा तपशीलवार वृत्तांत लिहून जगापुढे ठेवला आणि देशोदेशी फिरून साक्ष दिली. सप्टेंबर १९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. त्यानंतर २२ वर्षे ते जगले, जवळजवळ न बोलता. १९८७ मध्ये प्रथमच मायदेशी भेट देता आली. थम्मसातमध्ये त्यांना पाहायला जुने विद्यार्थी जमले होते. २८ जुलै १९९९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१६ मध्ये, युनेस्कोनेही त्यांचे स्मरण केले.

थम्मसातच्या रांगसित आवारात आज ग्रामविकास शिकवणारी संस्था त्यांच्या नावाने चालते. तिचे मूळ ‘बंदित आसा’मध्ये आहे. त्यांचे थोरले चिरंजीव जॉन यांनी वडिलांची वाचा गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, ‘थाई स्वयंसेवक सेवा’ ही संस्था उभी केली आणि तरुणांना पुन्हा खेड्यांतल्या कामावर पाठवायला सुरुवात केली. तेव्हा ६ ऑक्टोबरच्या जखमा ओल्या होत्या, आणि गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे अजूनही संशयाने पाहिले जात होते. तरी मुले आली.