भास्कराचार्य

भास्कराचार्य (भास्कर द्वितीय, जन्म: इ.स. १११४) हे भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. अंकगणित, बीजगणित व भूमिती यांतील नियम उदाहरणांच्या साहाय्याने शिकवणारे त्यांचे ग्रंथ अनेक शतके पाठ्यपुस्तके म्हणून वापरले गेले.

जीवन

भास्कराचार्यांचा जन्म शांडिल्य गोत्रातील विद्वान घराण्यात झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. करणकुतूहल हा त्यांचा ग्रंथ इ.स. ११८३ मधील आहे.

लीलावती

लीलावती भास्कराचार्यांची कन्या होती व तिचे लग्न हुकल्यामुळे ग्रंथाला तिचे नाव दिले, ही आख्यायिका फैजीच्या इ.स. १५८७ मधील फारसी भाषांतरातून प्रसिद्ध झाली. ग्रंथात मात्र काही प्रश्न बालेला, तर काही मित्राला किंवा व्यापाऱ्याला उद्देशून विचारले आहेत.

प्रत्येक नियमानंतर उदाहरण येते. कमळांच्या राशीतील तिसरा, पाचवा, सहावा व चौथा भाग देवतांना वाहिल्यावर गुरूंसाठी ६ कमळे उरतात. एकूण कमळे किती? इष्टकर्म पद्धतीने राशी ६० मानल्यास ३ उरतात. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट उरली असल्याने उत्तर १२० येते. ३२ हात उंच बांबू मोडून त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो १२ हातांवर मोडला, हे काटकोन त्रिकोणाच्या नियमाने काढले आहे.

बीजगणित

या ग्रंथात अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे दिली आहेत. कर्णाचा नियम येथे आकृती विभागून सिद्ध केला आहे. १५ व २० भुजांच्या काटकोन त्रिकोणात कर्णावरील चौरसाचे चार समान त्रिकोण व मधला लहान चौरस असे भाग पडतात. त्यांचे क्षेत्रफळ अनुक्रमे ६०० व २५ असल्याने कर्ण २५ येतो.

माकडांच्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत जातात व एक बाहेर दिसते. वर्गसमीकरणाची ५० व ५ अशी दोन उत्तरे येतात. ५ घेतल्यास पंचमांशातून ३ वजा होताना संख्या ऋण होते. माकडांची ऋण संख्या व्यवहारात मान्य नसल्याने भास्कराचार्य ते उत्तर नाकारतात. नियमाने मिळालेले उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून पाहावे, हा धडा त्यातून मिळतो. शुद्ध बुद्धी हेच खरे बीज असून अक्षरे ही केवळ तिची साधने आहेत, असे त्यांचे मत होते.

वारसा

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी पाटण (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथे मठ स्थापन केला. तेथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात या मठाची व घराण्याच्या वंशावळीची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित यांचे इंग्लिश भाषांतर इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध केले.