शेवटच्या तीन फेऱ्या

मुष्टियुद्ध हा काही आमच्या घराण्यातला विषय नव्हे. आमच्याकडे फार तर सूर्यनमस्कार घालत आणि जत्रेतल्या कुस्त्या पाहायला जात. तरीही १९८२ च्या ऑगस्टमध्ये क्रीडापानाच्या तळाशी आलेली चार ओळींची एक बातमी मी कापून ठेवली होती. मेक्सिकोचा एक जगज्जेता मुष्टियोद्धा मोटार अपघातात गेला होता. त्याच्या खेळातले मला काही कळत नव्हते. पण त्याचे वय २३ होते, आणि माझेही २३ च होते.

त्याचे नाव साल्वादोर सांचेझ. जन्म २६ जानेवारी १९५९ चा. आपल्या प्रजासत्ताकदिनाचा, त्यामुळे ही तारीख मी कधी विसरलो नाही. मेक्सिको राज्यातले सांतियागो तियांगिस्तेन्को हे त्याचे गाव. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडची मुले जेव्हा मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहत असतात तेव्हा, तो पैसे घेऊन लढू लागला होता. सुरुवातीला तो साधा धसमुसळा पोरगाच होता. समोरच्याला लवकर लोळवायचे आणि घरी जायचे, एवढेच त्याचे गणित. बहुतेक वेळा ते जमूनही जाई.

मग १९७७ साल उजाडले. मेक्सिकोचे बँटमवेट गटातले राष्ट्रीय विजेतेपद रिकामे होते. त्यासाठी माझात्लान शहरात अठरा वर्षांचा सांचेझ अंतोनिओ बेसेराशी लढला आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने हरला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे त्याच्या खात्यातले पहिले आणि शेवटचे बुडीत कर्ज. पुढे तो कधीही हरला नाही. पुढल्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एक लढत बरोबरीत सुटली, तेवढीच.

पण त्या पराभवानंतर तो बदलला. वजनाने वर सरकून तो फेदरवेटमध्ये, म्हणजे साधारण ५७ किलोंच्या आतल्या गटात आला. घाई सोडली. पाय हलते ठेवायचे, समोरच्याला येऊ द्यायचे, त्याचा ठोसा चुकवायचा आणि त्याच क्षणी आपला ठेवून द्यायचा, ही त्याची पद्धत झाली. मी त्याच्या लढती पाहिल्या त्या निवृत्तीनंतर, यूट्यूबवर. कुरळ्या केसांचे टोपले आणि खाली निर्विकार चेहरा. आमच्या कॅश काउंटरवर भर गर्दीत शांतपणे नोटा मोजणारे एक जुने रोखपाल होते, त्यांची मला आठवण झाली.

२ फेब्रुवारी १९८० रोजी, एकविसावा वाढदिवस होऊन आठवडाच झाला असताना, तो अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या विजेतेपदासाठी उभा राहिला. समोर होता डॅनी लोपेझ. १९७६ पासून जगज्जेता, मार खाऊन पडायचा आणि उठून समोरच्याला आडवा करायचा, अशी त्याची ख्याती. जाणकारांना वाटले, हा पोरगा काही टिकत नाही. सांचेझने त्याला फेरीमागून फेरी टिपले आणि तेराव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. जूनमध्ये लास वेगासला पुन्हा तीच जोडी आली. या वेळी लोपेझ चौदाव्या फेरीपर्यंत टिकला.

मग आला पोर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेझ. एका गटाखालचा हा जगज्जेता तोवर कधी हरला नव्हता आणि जिंकलेल्या ३२ च्या ३२ लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या. २१ ऑगस्ट १९८१ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये सांचेझने त्याला पहिल्याच फेरीत जमिनीवर बसवले आणि आठव्या फेरीत संपवले. तेव्हा गोमेझचे डोळे सुजून मिटत आले होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून ‘द रिंग’ मासिकाने शुगर रे लेनर्डच्या जोडीने सांचेझची निवड केली.

२१ जुलै १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याऐवजी ऐनवेळी घानाचा अझुमा नेल्सन उभा राहिला. जेमतेम १३ लढतींचा अनुभव आणि अमेरिकेत कोणाला नावही ठाऊक नाही. पण तो वाघासारखा लढला. शेवटच्या, पंधराव्या फेरीत सांचेझने त्याला गाठले आणि विजेतेपद नवव्यांदा राखले.

त्यानंतर बाविसाव्या दिवशी, १२ ऑगस्टच्या पहाटे, केरेतारो ते सान लुईस पोतोसी रस्त्यावर त्याची पोर्शे गाडी ट्रकवर आदळली. सप्टेंबरमधल्या लढतीची तयारी चालू होती. ४६ लढती, ४४ विजय, त्यातले ३२ नॉकआउट, एक बरोबरी, एक हार. खाते तिथेच बंद झाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा दुक कू किम काही दिवसांनी मरण पावला, आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. निर्णय योग्यच होता. पण लोपेझ तेराव्यात आणि चौदाव्यात, नेल्सन पंधराव्यात! सांचेझचे हे तीन मोठे विजय ज्या फेऱ्यांत झाले, त्या फेऱ्याच उरल्या नाहीत.

मी हे सारे का सांगतो आहे? १९८२ मध्ये एका लहान गावच्या शाखेत मी कारकून होतो आणि टेबलाच्या खणात कादंबरीची साठ पाने पडून होती. आधी सीएआयआयबीची परीक्षा होऊ दे, मग लिहू, असे ठरवले. मग बढती आली, बदली आली, घराचे हप्ते, मुलीचे शिक्षण. माझे पहिले पुस्तक निघाले तेव्हा मी ५४ वर्षांचा होतो. मधली वर्षे मी स्वतःची समजूत घालत असे, की आपणही त्या मेक्सिकन पोरासारखे शेवटच्या फेऱ्यांसाठी ताकद राखून ठेवतो आहोत. त्याच समजुतीत माझा एक सहकारी निवृत्तीनंतर गाणे शिकणार होता. निवृत्तीला चार महिने असताना तो गेला.

लढती प्रत्यक्ष पाहिल्यावर माझी चूक कळली. सांचेझने काहीही राखून ठेवलेले नव्हते. पहिल्या फेरीपासून तो रोजचा भरणा करत होता. इथे एक ठोसा, तिथे बरगडीखाली एक. तेराव्या फेरीत समोरचा कोसळे तो आधीच्या बारा फेऱ्यांच्या हिशेबाने. ती आवर्ती ठेव होती, दरमहा न चुकता भरलेली. मी मात्र ‘पुढे भरू’ म्हणून पासबुक कोरे ठेवले होते आणि त्या कोरेपणाला संयम म्हणत होतो. म्हणूनच २३ व्या वर्षी सगळे थांबले तरी त्याचे पासबुक भरलेले निघाले.

त्याच्याकडून हरलेला गोमेझ १९८४ मध्ये फेदरवेटचा जगज्जेता झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेल्सनने त्याला हरवून ते पद घेतले आणि पुढे आफ्रिकेच्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांत गणला गेला. सांचेझला स्वतःला आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते १९९१ मध्ये. जिवंत असता तर तेव्हा तो ३२ वर्षांचा असता.

ते कात्रण अजून माझ्याकडे आहे, पिवळे पडलेले. अलीकडे ते मी खणातून काढून टेबलावरच्या काचेखाली ठेवले आहे. सकाळी लिहायला बसलो की ते दिसते, आणि मी निदान एक पान लिहूनच उठतो.