सरहद्द न मानणाऱ्या पाखरांचा सोबती

नागपूर : दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा आला की अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या काठी दुर्बिणी घेतलेले पक्षिमित्र दिसू लागतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळण्याचा निर्णय २०२० साली झाला. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर अखेरचा डॉ. सलीम अली यांच्या.

सलीम अलींचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामांनी सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथलाच झाला. पुढे ब्रह्मदेशात भावासोबत व्यवसाय, मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी आणि १९२९ मध्ये जर्मनी. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझमान हे गुरू लाभले, तर हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडे घालून त्यांचा माग काढण्याची पद्धत पाहता आली. मायदेशी परतले तेव्हा मात्र नोकरीच उरली नव्हती! अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा जो अभ्यास केला, तो या बेकारीतच.

कड्यांचे ते तंत्र भारतात मोठ्या प्रमाणावर वापरायला निमित्त झाले एका रोगाचे. १९५७ मध्ये शिमोगा भागात माकडताप आढळला. त्याचे विषाणू सैबेरियातल्या एका तापाच्या विषाणूंशी मिळतेजुळते होते. पाखरांच्या अंगावरील गोचिडांतून तर ते आले नसतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ मध्ये सोसायटीची स्थलांतर पाहणी सुरू झाली. पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा आल्याने तिच्याभोवती संशयाचे वादळ उठले आणि या वयोवृद्ध शास्त्रज्ञाला त्याचा मनस्ताप सोसावा लागला. पण भारतातले हिवाळी पाहुणे कोणत्या देशांतून येतात, याचा पुरावा त्या कड्यांनीच हाती दिला.

सर्वांत दुर्मीळ पाहुणा सैबेरियन क्रौंच. संस्थानिकांचे शिकारीचे रान असलेले भरतपूर शेतीखाली जाऊ नये यासाठी सलीम अली झटले. तिथे १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे दोनशे क्रौंच उतरले होते. नंतर संख्या घसरतच गेली, कारण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून येणाऱ्या वाटेवर शिकार होत होती. भरतपुरात कितीही कडक राखण केली तरी वाटेतल्या बंदुका थांबणार नव्हत्या. भारत १९८३ मध्ये स्थलांतरित वन्यजीवांच्या बॉन कराराचा सदस्य झाला. १९८४ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. क्रौंचासाठीचा बहुराष्ट्रीय सामंजस्य करार १९९३ मध्ये अमलात आला, तोवर सलीम अली हयात नव्हते.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. १९८२ मध्ये भरतपुरात म्हशी चारण्यावर बंदी आली, तिला सलीम अलींचाही पाठिंबा होता. त्यातून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळ्यांनी गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे सोसायटीच्याच प्रदीर्घ अभ्यासात आढळले की, म्हशी गेल्यावर गवत माजून पाणथळ जागा उलट बिघडली होती. हा निष्कर्ष जाहीर झाला तो त्यांच्या पश्चात.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भरतपुरात क्रौंचाची अखेरची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली.