सर्दी-तापाने घर बुडाले, त्यातून वैद्य घडला : सुन सिमियाओ

घरात कुणाला पडसे झाले, अंगात कणकण आली की आपण आल्याचा काढा करतो, पांघरूण घेऊन झोपतो आणि दोन-चार दिवसांत कामाला लागतो. पण चौदाशे वर्षांपूर्वी चीनमधील एका कुटुंबाला एवढ्याच दुखण्याने कफल्लक केले. त्या घरातला आजारी मुलगा पुढे चीनचा सर्वांत आदरणीय वैद्य झाला. त्यांचे नाव सुन सिमियाओ. चिनी जनता त्यांना आजही वैद्यराज म्हणून ओळखते.

पारंपरिक कालगणनेनुसार त्यांचा जन्म इ. स. 581 चा. चांगआन, म्हणजे आजचे शीआन शहर, ही त्या काळची राजधानी. तिच्या उत्तरेला हुआयुआन नावाच्या गावी ते जन्मले. लहानपणी त्यांना थंडी-वाऱ्याच्या आजाराने वारंवार गाठले. वैद्यांच्या दारी खेटे घालावे लागले आणि काढ्यांच्या खर्चात घरची सारी मालमत्ता संपली. पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी ही गोष्ट स्वतःच लिहून ठेवली आहे. गरिबाच्या घरी आजार आला की तो एकट्या माणसाला होत नाही, सगळ्या घराला होतो, हे त्यांना लहान वयातच कळले.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. सातव्या वर्षी तो रोज हजारावर शब्द पाठ करी, अशी नोंद तांग राजवंशाच्या इतिहासात आहे. मोठेपणी लाओझी आणि च्वांगझी यांच्या विचारांवर ते प्रभुत्वाने बोलत आणि बौद्ध ग्रंथांचीही त्यांना आवड होती. ते ताओ परंपरेतले होते, म्हणून त्यांना केवळ बौद्ध म्हणणे बरोबर ठरणार नाही. पण त्यांच्या वैद्यकावर बुद्धाच्या करुणेचा ठसा स्पष्ट दिसतो.

अशा विद्वानाला राजदरबाराचे बोलावणे येणारच. सुई वंशाच्या सम्राटाने बोलावले, तेव्हा त्यांनी आजारपणाचे कारण सांगून पद नाकारले. पुढे तांग सम्राट ताईझोंग आणि गाओझोंग यांनी देऊ केलेली पदेही त्यांनी स्वीकारली नाहीत. शेजारीपाजारी आणि गावकरी यांच्यावर उपचार करणे हेच त्यांनी आपले काम मानले. एखाद्याला आपल्यापेक्षा चांगला उपाय माहीत आहे असे कळले, तर कितीही दूर असला तरी ते त्याच्याकडे शिकायला जात. केस पांढरे झाले तरी हातातले पुस्तक सुटले नाही.

इ. स. 652 च्या सुमारास त्यांचा 30 खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. त्याचे नाव च्यान्जिन याओफांग, म्हणजे हजार सुवर्णमोलाची औषधे. माणसाचा जीव हजार सुवर्णमुद्रांहून मोलाचा आहे आणि एका औषधाने तो वाचवता येतो, म्हणून हे नाव. स्त्रिया आणि बालके यांच्या आजारांना त्यांनी ग्रंथात आरंभीच जागा दिली.

वैद्याने कसे वागावे, याचे एक प्रकरण या ग्रंथात आहे. दारात आलेला रोगी श्रीमंत आहे की गरीब, उच्च की नीच, म्हातारा की तरुण, मित्र की वैरी, आपल्या देशाचा की परका, हे वैद्याने पाहू नये. सर्वांना सारखे मानावे. रात्र असो, थंडी असो, भूक लागलेली असो, रोग्यासाठी निघावे. रोग्याच्या घरी रेशमी कपडे आणि मेजवानी यांच्याकडे लक्ष जाऊ देऊ नये, कारण तिथे कुणीतरी वेदनेत आहे. श्रीमंत रोगी दिसला म्हणून मिळायला कठीण अशी महागडी औषधे लिहून आपली हुशारी मिरवू नये. औषधांपायी ज्याचे घर रिकामे झाले होते, त्यानेच हा नियम लिहिला आहे.

जिवंत प्राणी मारून औषध करण्यालाही त्यांचा विरोध होता. जीव वाचवण्यासाठी दुसरा जीव घेतला, तर आपण जीवनापासून आणखीच दूर जातो, असे त्यांचे मत होते.

महारोग्यांना समाज दूर लोटत होता, तेव्हा सुन सिमियाओ यांनी सहाशेहून अधिक महारोग्यांवर स्वतःच्या हाताने उपचार केले. त्यांपैकी दहातला एकच बरा झाला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. अपयश न लपवणारा वैद्य तेव्हाही दुर्मीळ होता.

आता मूळ मुद्दा, सर्दी-तापाचा. त्यांच्या आधी सुमारे चारशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होऊन गेले. साथीच्या तापात त्यांच्या कुळातील दोनशेहून अधिक माणसांपैकी दोन तृतीयांश माणसे दहा वर्षांत दगावली. त्या दुःखातून त्यांनी थंडीने होणाऱ्या तापांवर ग्रंथ लिहिला. पण दक्षिणेतले वैद्य त्यातली औषधे गुपित ठेवतात, कुणाला देत नाहीत, अशी तक्रार सुन सिमियाओ यांनी आपल्या पहिल्या ग्रंथात नोंदवली. ज्ञान कुलुपात ठेवले की माणसे मरतात. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

पण ते तक्रार करून थांबले नाहीत. उतारवयात लिहिलेल्या दुसऱ्या 30 खंडांच्या ग्रंथात त्यांनी दोन खंड याच विषयाला दिले. झांग यांची औषधे त्यांनी लक्षणांसह, वाचणाऱ्याला चटकन सापडतील अशी मांडली. त्यातला एक साधा काढा असा : दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचे मूळ, ज्येष्ठमध, आले आणि बोरे. तो घेतल्यावर वरून गरम पेज प्यायची, पांघरूण घ्यायचे आणि हलका घाम येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागता कामा नयेत. घाम येत नसेल, अंग ठणकत असेल आणि धाप लागत असेल, तर माहुआंग, दालचिनीच्या फांद्या, जर्दाळूच्या बियांचा गर आणि ज्येष्ठमध यांचा दुसरा काढा. नाव एकच, सर्दी-ताप. पण रोगी पाहून औषध बदलायचे, ही त्यांची पद्धत.

याच ग्रंथात त्यांनी भारताच्या जीवकाचे नाव आदराने घेतले आहे. तक्षशिलेला शिकलेला, बुद्धावर आणि भिक्खुसंघावर उपचार करणारा जीवक आपल्याला माहीत आहे. जगातील प्रत्येक वस्तू औषध आहे, ही त्याची दृष्टी धम्माबरोबर चीनपर्यंत पोहोचली होती.

धम्मबांधवांनो, आदर करायचा म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. सुन सिमियाओ यांच्या लिखाणात मंत्र-तंत्रही आहेत. ते त्या काळाचे आहेत, आपण घेण्याचे कारण नाही. फ्लू विषाणूने होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. माहुआंगमधील एफेड्रिन हे द्रव्य 1885 मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी वेगळे केले. त्याने श्वासनलिका मोकळी होते, पण रक्तदाब आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. म्हणून असे काढे मोबाईलवर वाचून कुणी घरी करू नयेत. आले, पेज, विश्रांती ठीक आहे. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, रोगी वृद्ध, गरोदर किंवा लहान बाळ असेल, तर डॉक्टरकडेच जावे.

याबाबत त्यांचा स्वतःचा सल्लाही असाच होता. थोडेसे बरे वाटेनासे झाले की लगेच सांगा, आपोआप बरे होईल या आशेवर अंगावर काढू नका, नाहीतर बघता बघता दुखणे मुरते, असे त्यांनी लिहिले. स्त्रिया आणि मुले यांच्या बाबतीत तर अधिकच. आपल्या वस्त्यांत आजही किती आया-बहिणी रोजंदारी बुडेल म्हणून ताप अंगावर काढतात, ते आठवून पाहा.

इ. स. 682 मध्ये ते गेले. जाताना त्यांनी सांगून ठेवले होते की अंत्यविधी साधा करा, कबरीत मौल्यवान वस्तू ठेवू नका आणि माझ्या नावाने प्राण्याचा बळी देऊ नका. आयुष्यभर जे शिकवले, तेच शेवटी पाळले.

त्यांची जयंती साजरी करा असे कुणी म्हणत नाही. पण आपल्या वस्तीत कुणी तापाने फणफणले असेल, तर त्याचे दार वाजवा, त्याला दवाखान्यात न्या आणि उपचारासाठी त्याचे घर विकले जाणार नाही हे पाहा. सरकारी दवाखान्यात औषध का नाही, हेही विचारा. ज्या मुलाच्या घरचे सगळे काढ्यांत गेले होते, त्याच्या आयुष्याचा अर्थ एवढाच आहे.