रोझलिन यालो

मूल होत नाही म्हणून जबलपूरच्या ओमती भागातील एखाद्या प्रयोगशाळेत पतिपत्नी येतात आणि थोडे रक्त देऊन जातात. अहवालात टेस्टोस्टेरॉन, एस्ट्रॅडिओल अशी नावे व त्यांपुढे आकडे असतात. आपल्याकडे मूल न होण्याचा दोष फार काळ एकट्या स्त्रीच्या माथी मारला गेला. रक्ताची तपासणी मात्र दोघांचीही होते. दोन्ही संप्रेरके पुरुषात असतात, स्त्रीतही असतात, फक्त प्रमाण वेगळे. प्रौढ पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. स्त्रीच्या रक्तात याहून कितीतरी कमी. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! पूर्वी पुरुषी संप्रेरकाची शक्ती खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा किती वाढतो यावरून ठरवीत. थेंबभर रक्तातील इतका सूक्ष्म अंश मोजण्याची वाट रोझलिन यालो यांनी दाखविली.

त्यांचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यूयॉर्क येथे एका सामान्य ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांचे शिक्षण बेताचेच होते. रोझलिन यांना पदार्थविज्ञानाची ओढ होती, परंतु स्त्री आणि त्यातही ज्यू, म्हणून उच्च शिक्षणाची दारे सहजी उघडेनात. काही काळ त्यांनी एका शास्त्रज्ञाकडे चिटणीसाचे काम पत्करले. पुढे महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थी कमी झाले आणि इलिनॉय विद्यापीठात त्यांना जागा मिळाली. १९४५ साली त्या डॉक्टरेट झाल्या.

१९४७ पासून त्या ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. झाडूवाल्याचे सामान ठेवण्याची खोली हीच त्यांची पहिली प्रयोगशाळा. १९५० मध्ये डॉ. सॉलोमन बर्सन तेथे आले आणि बावीस वर्षांचे सहकार्य सुरू झाले.

इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, असे दोघांना आढळले. इन्शुलिनचा रेणू त्यासाठी फार लहान आहे, अशी तेव्हाच्या पंडितांची ठाम समजूत होती. त्यांचा निबंध नाकारण्यात आला. प्रतिद्रव्य हा शब्द शीर्षकातून काढल्यावरच १९५६ मध्ये तो छापला गेला. नकाराचे ते पत्र रोझलिन यांनी जपून ठेवले.

या शोधातूनच मोजमापाची युक्ती सापडली. एस.टी.च्या बाकावर जागा मोजक्या असतात. नवे प्रवासी जितके अधिक घुसतील, तितके आधीचे उठून उभे राहतात. प्रतिद्रव्य हे बाक, किरणोत्सारी खूण केलेले संप्रेरक हे आधीचे प्रवासी आणि रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक हे नवे. खूण केलेले किती सुटले, हे यंत्राने मोजले की रक्तातील प्रमाण कळते. १९५९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. दोघांनी तिचे पेटंट घेतले नाही. लैंगिक संप्रेरकांचे रेणू तर इन्शुलिनहूनही लहान. ते प्रथिनाला जोडून प्रतिद्रव्ये मिळविण्यात आली आणि १९६९ पासून एस्ट्रॅडिओलही याच तत्त्वाने मोजले जाऊ लागले. आता बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी द्रव्याऐवजी प्रकाश देणारी रसायने वापरतात. बाकाचे तत्त्व पुष्कळदा तेच असते.

१९७२ मध्ये बर्सन वारले. रोझलिन यांनी प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले, म्हणजे पुढच्या प्रत्येक निबंधावर ते छापले जाई. १९७७ चे नोबेल पारितोषिक रोझलिन यांना मिळाले. मृतांना ते देत नाहीत, म्हणून बर्सन त्याला मुकले. आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी नकाराचे ते जुने पत्र सर्वांसमोर ठेवले. ३० मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले.